पत्र्याच्या पेटीतला मॅक्लीन

अ‍ॅलिस्टर मॅक्लीन आमच्या घरात आला तो पत्र्याच्या पेटीतून.

माझे थोरले बंधू मालवाहू जहाजावर तेलवाले होते. त्यांना आम्ही सारे भाई म्हणतो. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात 'तेलवाला' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सारंग, सुकाणी, टंडेल, आगवाला, तेलवाला ही तिथे जवळजवळ आडनावेच आहेत. पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, की तेलवाला म्हणजे तेल विकणारा नव्हे. जहाजाच्या पोटात, इंजिनखोलीत, चालत्या यंत्राच्या सांध्यासांध्यांना तेल घालीत हिंडणारा मनुष्य म्हणजे तेलवाला. भाई नऊ-नऊ महिने बाहेर असत. परत येत तेव्हा एस्टीच्या टपावरून ती पेटी उतरे, आणि घरातली सारी माणसे तिच्याभोवती लग्नातल्या पंगतीसारखी बसत. वर साबणाच्या वड्या, खाली वहिनींसाठी कापड, त्याखाली आईला न चालणारी बिस्किटे, आणि अगदी तळाशी पुठ्ठे गळालेली इंग्रजी पुस्तके. जहाजावरचे साहेब वाचून मेसच्या फळीवर टाकून देत, ती भाई उचलून आणीत. प्रत्येक पुस्तकावर काळ्या तेलाच्या अंगठ्याचा ठसा असे. मालकीची खूण म्हणून मला तो कुठल्याही सहीपेक्षा भारदस्त वाटे.

मी तेव्हा आठवीत होतो आणि भाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. नववीतून शाळा सोडून ते बोटीवर गेले. इंग्रजी शिकले ते तिथेच, शिव्यांपासून वरच्या दिशेने. माझे इंग्रजी वीरकरांच्या कोशापासून खालच्या दिशेने आलेले. दोघांची गाठ पडली ती मॅक्लीनच्या पानांवर. अडलेला शब्द मी कोशात शोधायचा आणि अडलेली वस्तू भाईंनी जमिनीवर खडूने काढून दाखवायची, अशी आमची वाटणी होती. डेव्हिट म्हणजे काय, बल्कहेड म्हणजे काय, हे मी त्या खडूच्या रेघांवरून शिकलो. पुढे मॅट्रिक होऊन मी चित्रकलेच्या शिक्षकाचा कोर्स केला आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो, त्याचे निम्मे श्रेय त्या खडूला आहे. उरलेले निम्मे, मी कादंबऱ्या लिहू लागलो त्याचे, मॅक्लीनला द्यावे लागेल. श्रेय म्हणा किंवा दोष म्हणा.

या वर्षी मार्चअखेर माझ्या प्रकाशकांचे पत्र आले. माझ्या पाच कादंबऱ्यांपैकी दुसरी तेवढी चांगली खपली. खाडीकाठच्या गावातली ती एक रहस्यकथा. तिच्यात एक विनोदी पात्र होते : पहिल्याच फेरीत बोटीला घाबरून पळून आलेला आणि मग एस्टी थांब्यावर चहाची टपरी टाकून बसलेला एक खलाशी. चहा ओतताना त्याचा हात थरथरे आणि निम्मा चहा बशीत नव्हे तर गिऱ्हाइकाच्या धोतरावर सांडे. वाचकांना तो भारीच आवडला होता. प्रकाशकांनी लिहिले होते : त्याला घेऊन दुसरा भाग द्या, दिवाळीनंतर काढू. सोबत आगाऊ रकमेचा धनादेश होता. घराच्या छपराची कौले उतरवायला आलेली, धाकटीची बारावी जवळ आलेली. धनादेश मी परत पाठवला नाही एवढे सांगितले म्हणजे पुरे.

दुसरा भाग कसा लिहितात ते पाहावे म्हणून मी मे महिन्याच्या सुटीत गावी जाताना मनाशी ठरवले, की मॅक्लीन पुन्हा काढायचा. त्याने हे केलेले आहे. जरा गुरूचा हात धरावा.

गावी गेलो तर भाई पडवीत बसलेले. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा आधीच गेला होता. उजव्याने आता सावल्या तेवढ्या दिसतात. मी पेटी उघडली तशी कुलपाच्या आवाजावरून त्यांनी ओळखले.

"काय शोधतोस?"

"मॅक्लीन."

"मग मोठ्याने वाच," ते म्हणाले. "मराठीतून वाच. हिलाही ऐकू दे."

ही म्हणजे वहिनी. त्या समोर फणस घेऊन बसल्या होत्या, हाताला खोबरेल लावून.

आता हा मॅक्लीन कोण, हे नव्या वाचकांना थोडक्यात सांगायला हवे. १९२२ साली ग्लासगोत जन्मलेला हा स्कॉटिश माणूस, धर्मोपदेशकाचा मुलगा. घरची भाषा गेलिक. इंग्रजी ही त्याची मागाहून शिकलेली भाषा, आणि त्याच भाषेत त्याने पुढे जगभर खपणारी पुस्तके लिहिली. (आमच्या शाळेत पोरे इंग्रजीला भिऊन रडू लागली, की मी त्यांना ही हकीकत सांगतो. ती रडायची थांबत नाहीत, पण मला बरे वाटते.) १९४१ साली तो ब्रिटिश आरमारात भरती झाला, रॉयलिस्ट नावाच्या क्रूझरवर होता, आणि उत्तर ध्रुवाकडच्या गोठल्या समुद्रात त्याने काफिल्यांची राखण केली. मग ईजियन समुद्रात, मग पूर्वेकडे. युद्धानंतर ग्लासगो विद्यापीठातून पदवी घेऊन तो शाळामास्तर झाला. १९५४ साली ग्लासगोच्या एका वर्तमानपत्राच्या कथास्पर्धेत त्याच्या गोष्टीला शंभर पौंडांचे पहिले बक्षीस मिळाले. ती गोष्ट वाचून कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने त्याला कादंबरी मागितली. शाळा सांभाळून त्याने ती लिहिली आणि १९५५ साली 'एच. एम. एस. युलिसिस' निघाले. सहा महिन्यांत अडीच लाख प्रती गेल्या. नोकरी सुटली. मी हा मजकूर वाचतो तेव्हा प्रत्येक वेळी 'नोकरी सुटली' या दोन शब्दांपाशी थोडा रेंगाळतो.

पहिल्या रात्री आम्ही 'युलिसिस' काढले.

कथा अशी नाहीच म्हणा. रशियाला रसद घेऊन जाणारा मालवाहू जहाजांचा काफिला आणि त्याची राखण करणारी युलिसिस ही क्रूझर. सुरुवातीलाच कळते, की या जहाजावर नुकतेच बंड झालेले आहे. माणसे झोपेला आणि उबेला पारखी झालेली. त्यांना शिक्षा म्हणून पुन्हा त्याच समुद्रात पाठवले जाते. कप्तान व्हॅलरी क्षयाने झिजलेला. पुढे वादळ, बर्फ, पाणबुड्या, विमाने. एकेक जहाज जाते. १९४२ साली पीक्यू-१७ हा खराखुरा काफिला याच वाटेवर उधळला गेला आणि त्याच्या पस्तीस जहाजांपैकी चोवीस बुडाली, हे ठाऊक असले म्हणजे ही पाने अधिकच जड होतात. पुस्तकात गुप्त कागद नाहीत, हिऱ्यांची चोरी नाही, शेवटच्या प्रकरणात मुखवटा फाडायचा खलनायकही नाही. आहे तो थंडावा आणि त्यात माणसे कशी वागतात एवढेच.

भाई मध्येच हात वर करीत. मी थांबे.

"कप्तान खाली उतरला ना? तळापर्यंत?"

"हो. आजारी असून एकेका खोलीत जाऊन खलाशांना भेटतो."

"हे बघ," भाई म्हणाले, "माझ्या पस्तीस वर्षांत दोन कप्तान खाली उतरलेले मी पाहिले. दोनच. त्यांची नावं मला आजही आठवतात. बाकीच्यांची नाहीत. हा माणूस बोटीवर राहिलेला आहे."

मी वर्षानुवर्षे मॅक्लीनविषयी इंग्रजी-मराठी टीकालेख वाचत आलो. या एका वाक्याएवढे कामाचे मला त्यांत काही सापडले नाही.

राल्स्टन नावाच्या तरुण खलाशाचा प्रसंग आला. काफिल्यातले एक तेलवाहू जहाज पेटलेले आहे आणि त्याच्या उजेडात बाकीची सारी जहाजे शत्रूला दिसताहेत. ते बुडवायलाच हवे. पाणतीर सोडायचे काम राल्स्टनकडे. तो हुकूम पाळतो. मागाहून कळते, की त्या जहाजाचा कप्तान त्याचा बाप होता. मी वाचून थांबलो. वहिनींच्या हातातला गरा तसाच राहिला होता. पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, "त्याच्या आईला कोण सांगणार?"

राल्स्टनची आई त्याआधीच बाँबहल्ल्यात गेलेली असते. मी ते सांगितले. त्या म्हणाल्या, "सुटली." आणि गरे काढू लागल्या.

कुणी म्हणेल, हा प्रसंग बेतलेला आहे. आहे. 'युलिसिस'मध्ये दोष पुष्कळ आहेत. विशेषणे दाट आहेत, माणसे जरा जास्तच उदात्त मरतात. पण लिहिणाऱ्याला त्या थंडीचे काहीतरी देणे फेडायचे आहे, असे पानोपानी वाटत राहते.

त्यानंतर आम्ही 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' घेतले. हे १९५७ चे. नॅव्हरोन बेट नकाशात नाही, पण समुद्र खरा आहे. मॅक्लीन त्यावर नोकरीला होता. शेजारच्या बेटावर बाराशे ब्रिटिश सैनिक अडकलेले, आणि त्यांची सुटका करायला येणारी जहाजे नॅव्हरोनच्या दोन प्रचंड तोफांखालून जाणार. तोफा उडवायला पाच माणसे निघतात : गिर्यारोहक मॅलरी, ग्रीक आंद्रेया, सुरुंगांचा जाणकार मिलर, इंजिनवाला ब्राऊन आणि स्टीव्हन्स नावाचा एक पोरगेला लेफ्टनंट. वहिनींनी दुसऱ्याच रात्री विचारले, "या पुस्तकात बाईमाणूस एकही नाही होय?" नाही. मॅक्लीनचा ठाम समज होता, की प्रेमप्रकरणाने कथेचा वेग मंदावतो. त्यामुळे त्याची पुस्तके आईच्या देखत वाचता येत, हा त्यांचा एक मोठाच गुण. त्या वयात तो मला गुण वाटत नसे, ही गोष्ट वेगळी.

लहानपणी मला त्यातला तो उभा कडा तेवढा आठवत होता, वादळात चढलेला. या वेळी मात्र माझे लक्ष स्टीव्हन्सकडे गेले. हा पोरगा जन्मभर एकाच गोष्टीला भीत आला आहे, ती म्हणजे आपण भित्रे आहोत हे लोकांना कळेल या गोष्टीला. कड्यावर त्याचा पाय मोडतो. पाय सडत जातो. इतरांना त्याला वाहून न्यावे लागते. आणि अखेरीस तो त्यांना सांगतो, की मला इथेच ठेवा. मी वाट अडवून धरतो. एकटा मागे राहतो तेव्हा त्याची भीती गेलेली असते. हे सारे मॅक्लीन दोन-चार पानांत उरकतो, कारण त्याला तोफांकडे जायची घाई आहे. तरीही ती पाने पुस्तकाच्या काळजात आहेत असे मला वाटले.

भाई त्या रात्री काही बोलले नाहीत. मी पुस्तक मिटले, वहिनी उठून आत गेल्या, तेव्हा म्हणाले, "तुझा तो टपरीवाला."

"कुठला?"

"तुझ्या पुस्तकातला. थरथरत्या हाताचा. तो कुणावरून घेतलास ते मला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

मी हसलो. आमच्या गावात ही जुनी थट्टा आहे. एस्टी थांब्यावरचा तो चहावाला ऐन विशीत बोटीवर गेला, पहिल्या फेरीतच हात भाजून घेऊन परत आला. विचारले तर म्हणे, गॅलीत चहा अंगावर सांडला. 'चहाने भाजला नि चहाच विकायला बसला,' असे गाव पंचवीस-तीस वर्षे म्हणत आले आहे. मी ते उचलले, इतकेच.

"तो माझ्याच बोटीवर होता," भाई म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितले ते पेटीतल्या कुठल्याही पुस्तकात नव्हते. हिवाळा होता, उत्तर अटलांटिक. वादळात जहाज आडवे-तिडवे होत होते आणि इंजिनखोलीतले दिवे गेले. त्याच वेळी वाफेच्या नळीचा एक सांधा सुटला. व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता आणि त्याचे चाक वाफेत होते. सर्वांत जवळ होता तो हा पोरगा. त्याने हाताला चिंध्या गुंडाळल्या आणि चाक फिरवले. चिंध्या तेलकट होत्या, ओल्या होत्या, त्यांचा काय उपयोग व्हायचा! चाक पुरते बसेपर्यंत त्याने सोडले नाही. पुढच्या बंदरात त्याला उतरवले आणि घरी पाठवले.

"मग त्यानं गावात सांगितलं का नाही?"

"त्याचा धाकटा भाऊ त्याच महिन्यात बोटीवर जायचा होता. सीडीसी निघाली होती, सगळं ठरलं होतं. म्हाताऱ्या आईला हे कळतं तर तिनं धाकट्याला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. ह्याचा हात गेलेला, धाकटा घरात बसलेला, मग खायचं काय? त्यानं मला शपथ घातली. म्हणाला, भाई, चहा सांडला म्हणून सांगा. हसले तर हसतील."

"आणि तुम्ही तीस वर्षं..."

"त्याची आई गेल्या वर्षी गेली," भाई म्हणाले. "आणि तुझं पुस्तक मी डोळे होते तेव्हा वाचलं होतं. तेव्हाच बोलणार होतो. छापून झालं होतं. काय उपयोग?"

पडवीत अंधार होता. त्यांना तसाही तो नेहमीचाच, पण मला त्या रात्री त्याचा आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन पेटीतून 'फोर्स १० फ्रॉम नॅव्हरोन' काढले, ज्यासाठी खरे तर सारा खटाटोप आरंभला होता ते पुस्तक. १९६८ साली निघालेला हा नॅव्हरोनचा दुसरा भाग. मधल्या काळात, १९६१ साली, पहिल्या पुस्तकाचा चित्रपट निघून जगभर गाजला होता : ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन, अँथनी क्विन. चित्रपटवाल्यांनी पुस्तकात नसलेल्या बायका घातल्या आणि असलेला स्टीव्हन्स काढून टाकला. पाय मोडायचे काम त्यांनी दुसऱ्याच एका पात्राला दिले. ते ठीक आहे. चित्रपटाचा धंदाच तो. पण मॅक्लीनने दुसरा भाग लिहायला घेतला तेव्हा तो स्वतःच्या पुस्तकाच्या पुढे गेला नाही, चित्रपटाच्या पुढे गेला! पहिल्याच प्रकरणात आंद्रेयाचे त्या मारियाशी लग्न लागते, जी मारिया मॅक्लीनच्या पुस्तकात जन्मलेलीच नव्हती. ज्या माणसाने वाट अडवून धरली त्याला वाट काढून देणाऱ्यांनीच पुसून टाकले, आणि बापानेही त्यावर सही केली. पुस्तक वाचनीय आहे. युगोस्लाव्हियातले धरण, पूल, बर्फ, सारे चोख. पण मला ते वाचवेना.

इथून मॅक्लीन उतरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. वस्तुतः त्याचा उतार सरळ नाही. 'नाइट विदाउट एंड'मध्ये ग्रीनलंडच्या हिमपठारावर एक विमान उतरते आणि वाचलेल्या उतारूंतले खुनी कोण, हे शोधीत बर्फावरचा ट्रॅक्टर रखडत जातो. ते पुस्तक उन्हाळ्यात वाचले तरी हुडहुडी भरते. 'फिअर इज द की' (१९६१) हे मी अजूनही त्याच्या पहिल्या तिघांत धरतो. आरंभीच एक माणूस रेडिओवर आपल्या बायकोमुलाचे विमान पाडले जाताना ऐकतो आणि शेवट समुद्राच्या तळाशी, एका पाणबुड्या गोळ्यात होतो. मधल्या पानांत हा नायक असा का वागतो हे तो आपल्याला सांगत नाही. सांगतो तेव्हा मागचे सारे पुस्तक उलटे होऊन नव्याने दिसते. त्याच सुमारास त्याने इयान स्टुअर्ट या नावाने दोन कादंबऱ्या लिहिल्या, आपली पुस्तके खपतात ती नावामुळे की गुणामुळे हे पाहायला. त्याही खपल्या. मला त्याचे हे धाडस कड्यावर चढण्याहून मोठे वाटते. मी दुसऱ्या नावाने लिहिले तर माझी बायकोदेखील वाचणार नाही.

मग १९६३ नंतर तीन वर्षे त्याने लिहिणेच सोडले आणि इंग्लंडात हॉटेले चालवली. कॉर्नवॉलमधली प्रसिद्ध जमैका इन त्यांतलीच एक. धंद्यात मन रमले नाही म्हणून परत आला आणि 'व्हेन एट बेल्स टोल' लिहिले, आपल्याच स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. भाईंचे हे आवडते. त्यातले भरती-ओहोटीचे प्रवाह त्यांनी मला पुन्हा खडूने काढून दाखवले. डोळ्यांवाचून काढलेला तो नकाशा बरोबर होता. 'व्हेअर ईगल्स डेअर' त्याने आधी चित्रपटासाठी लिहिले आणि मग कादंबरी केली. तो हवेतला किल्ला नि ती केबलगाडी कुणाला आवडणार नाही? तीत प्रत्येक पात्र दुसऱ्याला फसवीत असते आणि वाचक सर्वांकडून फसून खूश होतो. 'बेअर आयलंड' (१९७१) पर्यंत हा हात टिकून आहे असे माझे मत.

पुढची पुस्तके आम्ही झपाट्याने उलटली. 'सर्कस', 'द गोल्डन गेट', 'सीविच', 'गुडबाय कॅलिफोर्निया'. 'गोल्डन गेट'मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष आणि त्याचे अरब पाहुणे सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलावर ओलीस धरले जातात. कल्पना केवढी! आणि मग ओलीस धरणारे, धरलेले, सोडवणारे, सारे एकाच सुरात, एकाच छद्मी विनोदाने बोलत बसतात. नायकाला थंडी वाजत नाही, भूक लागत नाही, तो चुकत नाही. 'सीविच'मध्ये तर समुद्रातली तेलविहीर आहे. भाईंनी आशेने कान टवकारले. पंधरा पाने झाल्यावर म्हणाले, "तेलाचा वास नाही रे येत."

आपल्या बाबुराव अर्नाळकरांनी हजारांवर पुस्तके लिहिली. त्यांना कुणी विचारले नाही, की वास येतो का. त्यांचा आणि वाचकाचा करारच निराळा होता, आणि तो त्यांनी इमानाने पाळला. मॅक्लीनने मात्र पहिल्याच पुस्तकात वास दिला होता. म्हणून तक्रार.

त्याच्या हाताला काय झाले? दारू झाली असे चरित्रकार सांगतात, आणि पैसा, आणि कर चुकवायला देशोदेशी हिंडणे. असेल. घाईने लिहिले म्हणावे तर 'युलिसिस'ही त्याने काही वर्षानुवर्षे घोळवले नव्हते. मला आपले वाटते, की लोकांना काय आवडले होते ते त्याच्या फार चांगले ध्यानात राहिले, आणि ते का लिहिले होते ते विसरले. हे लिहिताना मी कुणाविषयी लिहितो आहे ते चतुर वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

म्हातारपणी तो एकदा परत गेला. १९८४ चे 'सॅन अँड्रियास'. पुन्हा युद्ध, पुन्हा तोच आर्क्टिक समुद्र, या वेळी रुग्णांचे जहाज. जहाजाचा कर्ताधर्ता आहे बोसन मॅकिनन. मी 'बोसन' वाचले तसे भाई म्हणाले, "सारंग म्हण." मग आम्ही सारे पुस्तक 'सारंग म्हणाला, सारंग उठला' असे वाचले, आणि आश्चर्य असे, की ते पुष्कळ बरे वाटू लागले. साहेब नव्हे, सारंग जहाज वाचवतो, यावर भाई फिदा. पण बंदुकीची गोळी सुटावी तशी बर्फाची शिळा फुटते ती 'युलिसिस'मध्ये. इथे फक्त बर्फ असल्याचे सांगितले आहे. "आठवून लिहिलंय," भाई म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण आठवतंय त्याला." तीन वर्षांनी, १९८७ च्या फेब्रुवारीत, मॅक्लीन म्युनिकमध्ये वारला. स्वित्झर्लंडमधल्या ज्या छोट्या गावी त्याला पुरले तिथेच रिचर्ड बर्टनचीही कबर आहे, 'व्हेअर ईगल्स डेअर'मधल्या त्याच्या नायकाची.

सुटी संपत आली तेव्हा एका दुपारी मी एस्टी थांब्यावर गेलो. गाडी गेलेली, टपरीवर कुणी नव्हते. इतकी वर्षे मी तिथे चहा पीत आलो, पण तो डाव्या हाताने ओततो हे कधी पाहिले नव्हते. उजव्याने फक्त गाळणे धरतो. दोन बोटे वळत नाहीत. चहा सांडत नाही, थेंबही नाही. तो सांडणे माझे.

मी म्हटले, "भाईंनी मला सांगितलं."

त्याने गाळणे पातेल्यावर ठेवले. "भाई म्हातारे झाले," तो म्हणाला.

मी पुस्तकाविषयी बोलू लागलो. माफी मागायचे शब्द घरून पाठ करून नेले होते, ते अर्थातच आठवेनात. त्याने मला थांबवले. म्हणाला, मुलीने वाचनालयातून आणले होते, दोघांनी मिळून वाचले, मुलगी हसली, मग तोही हसला.

"तिला ठाऊक आहे?"

"आता सांगेन. म्हातारी होती तोवर घरात बोललो नाही."

मी विचारले, की मी हे लिहिले तर चालेल का. नाव-गाव घालणार नाही. त्याने बराच वेळ शेगडीकडे पाहिले. "लिहा," म्हणाला. "पण बोटीचं बरोबर लिहा. मागच्या वेळी तुम्ही तेलवाल्याला डेकवर उभा केला होतात."

चहाचे पैसे त्याने घेतले आणि सुटे मोजून परत दिले.

प्रकाशकांना मी जूनमध्ये एक पत्र लिहिले, ते पाठवले नाही. दुसरे लिहिले, तेही टेबलाच्या खणात आहे. कौले मात्र पावसाआधी बदलून झाली, तेव्हा रकमेचा प्रश्न आता तात्त्विक राहिलेला नाही. गणपतीत गावी गेलो तेव्हा भाईंसमोर व्हॉल्व्हचे चाक काढून पाहिले. त्यांनी बोटांनी कागद चाचपला आणि म्हणाले, चाक लहान आहे, आणि पोरगा उभा कसा, तो गुडघ्यावर होता.

मॅक्लीनची शेवटची कादंबरी, 'सँटोरिनी', अजून अर्धवट आहे. म्हातारा पुन्हा ईजियनमध्ये गेला आहे, अण्वस्त्रे घेऊन बुडालेले विमान आहे, आणि माणसे पानेच्या पाने नुसती बोलताहेत. मी म्हटले, सोडून देऊ. भाई ऐकत नाहीत. चाळीस पाने उरली आहेत. दिवाळीला येशील तेव्हा पुरी कर, असा त्यांचा निरोप आहे, आणि येताना खडूची नवी पेटी आण असेही त्यांनी वहिनींकरवी कळवले आहे.